बॅकअप ४३ टक्क्यांवर अडकला, आता काय?

घरच्या कॉम्प्युटरवर बॅकअप अडकला की माणसं एक तर लगेच प्रोग्रॅम बंद करतात, नाहीतर 'होईल सकाळपर्यंत' म्हणून तसाच सोडून झोपतात. कधी पहिलं बरोबर असतं, कधी दुसरं. कुठल्या वेळी काय करायचं हे ठरवायला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. प्रोग्रॅम नेमका कोणासाठी थांबलाय एवढं शोधता आलं की पुरतं. बॅकअपचा प्रोग्रॅम स्वतः क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा तो कशाची तरी वाट पाहत असतो: दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेली फाइल, अँटिव्हायरस, केबलच्या पलीकडची डिस्क, किंवा शेवटच्या घटका मोजणारी आतली हार्ड डिस्क. यातला शेवटचा प्रकार वेळेवर ओळखता आला तर फोटो वाचतात, नाही आला तर जातात. म्हणून त्याच्यावर शेवटी बरीच जागा खर्च केली आहे.

बहुतेक घरांत विंडोज असतं, त्यामुळे उदाहरणं विंडोजची आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून अनेकांनी जुनी मशीनं बदलायला काढली आणि त्या निमित्ताने पहिल्यांदाच पूर्ण बॅकअप घ्यायला बसले. सात-आठ वर्षं जुनी हार्ड डिस्क आणि तिच्यावरचा पहिलाच मोठा बॅकअप, ही जोडी अडकायची शक्यता जास्तच.

'नॉट रिस्पॉन्डिंग' वर विश्वास ठेवू नका

विंडोज प्रत्येक खिडकीला सतत बारीकसारीक निरोप पाठवत असतं: माऊस हलला, बटण दाबलं, एवढा भाग पुन्हा रंगव. एखाद्या प्रोग्रॅमने पाच सेकंद या निरोपांकडे लक्ष दिलं नाही की विंडोज ती खिडकी फिकट करतं आणि वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. त्याचा अर्थ तेवढाच. आत कॉपी चालू आहे की बंद, याबद्दल ते काहीच सांगत नाही. नीट लिहिलेले प्रोग्रॅम खिडकी सांभाळायचं काम वेगळं ठेवतात आणि कॉपीचं वेगळं. साध्यासुध्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात असतात. मग मोठा व्हिडिओ लिहीत असताना खिडकी मेल्यासारखी दिसते, पण डिस्कवर काम जोरात चाललेलं असतं.

याच्या उलटही होतं. खिडकी छान हलते, पट्टीवरून हिरवी चमक धावत राहते आणि आत अर्ध्या तासात एक बाइटही सरकलेला नसतो. ती चमक नुसतं चित्र आहे, तिचा कामाशी संबंध नाही.

म्हणून खिडकी सोडा, डिस्क बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स' भागातून 'रिसोर्स मॉनिटर' उघडता येतो. विंडोज १० मध्ये त्याची लिंक खाली असते, ११ मध्ये वरच्या तीन टिंबांच्या मेनूत. तिथे 'डिस्क' वर जा आणि वरच्या यादीत बॅकअपच्या प्रोग्रॅमसमोर खूण करा. खाली तो प्रोग्रॅम या क्षणी कोणती फाइल वाचतोय, कोणती लिहितोय, दर सेकंदाला किती बाइट आणि डिस्कला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागतायत, हे सगळं दिसतं. माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरवरची ही सगळ्यात कामाची आणि सगळ्यात दुर्लक्षित खिडकी आहे.

दहा-पंधरा मिनिटं तिच्याकडे बघा. फाइलींची नावं बदलत असतील आणि आकडे हलत असतील तर बॅकअप अडकलेला नाही, संथ आहे. सगळं शांत असेल, डिस्कही निवांत आणि प्रोसेसरही, तर तो कुणाची तरी वाट बघतोय. आणि डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसते, पण वेग जवळजवळ शून्य आणि उत्तराचा वेळ हजारो मिलिसेकंदांत असेल, तर डिस्कच संकटात आहे. निरोगी हार्ड डिस्कला एका विनंतीसाठी साधारण दहा-वीस मिलिसेकंद लागतात, कामाच्या गर्दीत शंभर-दोनशेही होतात. पण पाच हजार, दहा हजार असे आकडे टिकून राहिले तर ती गर्दी नव्हे.

संथ म्हणजे किती संथ?

इथे थोडं गणित करून ठेवलं की निम्मी काळजी जाते. यूएसबी २ चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट), पण प्रत्यक्षात हातात ३०-४० मेगाबाइट येतात. ३५ धरले तर ५०० जीबीला चार तास लागतात. हीच डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टला लावली आणि सेकंदाला ११० मेगाबाइट मिळाले, तर सव्वा तासात काम होतं. म्हणजे चुकीच्या भोकात केबल घातली एवढ्यावरून तीन तासांचा फरक पडतो. बऱ्याच मशीनवर यूएसबी ३ च्या पोर्टची आतली पट्टी निळी असते, आणि डेस्कटॉपला मागच्या बाजूचे पोर्ट सहसा जास्त भरवशाचे.

दुसरी गोष्ट फाइलींची संख्या. फिरणाऱ्या हार्ड डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण दहा मिलिसेकंद घेतं, म्हणजे सेकंदाला शंभरेक उड्या. दोन जीबीचा एक चित्रपट म्हणजे एक सलग वाचन. पण फोनमधून काढून ठेवलेलं व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, त्यात लाखभर शुभ सकाळ, आणि प्रत्येक फाइलीमागे दोन-चार उड्या. इथे बॅकअप मुंगीच्या पावलांनी चालणारच. टक्केवारी बाइटवर मोजली असेल तर या फोल्डरवर पोचल्यावर पट्टी हलायचीच बंद होते. फाइलींवर मोजली असेल तर ९८ टक्क्यांपर्यंत धावते आणि मग लग्नाच्या ४० जीबीच्या व्हिडिओवर जाऊन बसते. टक्क्यांवरून उरलेला वेळ काढण्यात अर्थ नाही.

९९ टक्क्यांवर थांबलेला बॅकअप तर बऱ्याचदा मुळीच थांबलेला नसतो. कॉपी संपल्यावर अनेक प्रोग्रॅम लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघतात, मग जुन्या आवृत्त्या पुसतात. या दोन्ही कामांना पट्टीवर जागा दिलेली नसते.

स्वस्त पोर्टेबल डिस्कची आणखी एक खोड आहे. अडीच इंची डिस्कपैकी बऱ्याच आता एसएमआर पद्धतीच्या असतात. जास्त डेटा मावावा म्हणून त्यांत ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल ओळी, एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीला डिस्क एका राखीव पट्ट्यात भराभर लिहून घेते. तो पट्टा भरला की वेग अचानक सेकंदाला दहा मेगाबाइटच्या खाली येऊ शकतो, मधूनच काही सेकंद शून्यही होतो. डिस्क बिघडलेली नाही, तिला आवरायला वेळ हवाय. एकदम सगळं न देता दोन-तीन हप्त्यांत बॅकअप घेतला तर कुरकुर कमी होते.

क्लाउडवाल्यांसाठी एक वेगळा सापळा आहे. वनड्राइव्हमध्ये २०१७ पासून 'फाइल्स ऑन-डिमांड' ही सोय आहे. फाइल कॉम्प्युटरवर दिसते, पण असते इंटरनेटवर. बॅकअपच्या प्रोग्रॅमने ती वाचायला घेतली की आधी ती डाउनलोड व्हायला लागते. म्हणजे तुम्हाला वाटतं डिस्कवरून डिस्कवर कॉपी चालू आहे, आणि प्रत्यक्षात सगळी वरात वायफायवरून येत असते. रिसोर्स मॉनिटरच्या 'नेटवर्क' भागात हे लगेच कळतं. उलट दिशेचं गणितही सोपं आहे: अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल तर २०० जीबी क्लाउडवर चढवायला बावीसेक तास लागतात. त्याला हँग म्हणू नये.

मॅकवर २००७ पासून असलेलं टाइम मशीन तर मुद्दामच सबुरीने चालतं. तुमचं रोजचं काम अडू नये म्हणून डिस्कवर त्याला कमी प्राधान्य दिलेलं असतं. सिस्टिम अपडेटनंतर किंवा मशीन अचानक बंद पडल्यानंतरचा पहिला बॅकअप 'प्रिपेअरिंग' वर बराच वेळ थांबतो, कारण काय बदललं ते त्याला नव्याने तपासावं लागतं. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरच्या डिस्क भागात 'बॅकअपडी' नावाची प्रोसेस शोधा. तिचे आकडे हलत असतील तर रात्रभर सोडायला हरकत नाही.

कुणाची वाट बघतोय?

डिस्क शांत, प्रोसेसर शांत आणि बॅकअप जागच्या जागी, अशा वेळी टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स' भागात जाऊन प्रोग्रॅमवर राइट क्लिक करा आणि 'अ‍ॅनलाइज वेट चेन' निवडा. हा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या प्रोसेससाठी खोळंबला असेल तर तिचं नाव बऱ्याचदा तिथे मिळतं. अँटिव्हायरस असेल तर बॅकअपपुरता त्याला थोडा वेळ थांबवून बघा. खरंच त्याचीच अडचण असेल तर सेटिंगमध्ये फक्त बॅकअपच्या प्रोग्रॅमला सूट द्या, अख्ख्या ड्राइव्हला नको.

उघड्या फाइली हा नेहमीचा अडथळा. घरूनच हिशेब लिहिणाऱ्यांचं टॅली दिवसभर उघडं असतं, आउटलुकची सगळ्या मेल ठेवणारी पीएसटी फाइल तर असतेच. दुसऱ्याच्या हातात असलेली फाइल वाचायला मिळाली नाही की काही प्रोग्रॅम ती सोडून पुढे जातात, काही हट्टाने थांबतात. विंडोजमधलाच रोबोकॉपी हा कमांड देऊन चालवायचा कॉपीचा प्रोग्रॅम हट्टाचा उत्तम नमुना आहे. फाइल मिळाली नाही तर तो ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि मुळात ठरवून दिलेली प्रयत्नांची संख्या आहे दहा लाख. गुणाकार केला तर एका फाइलीसाठी साधारण ३४७ दिवस होतात. घरगुती बॅकअपची काही साधी साधनं पोटात रोबोकॉपीच वापरतात. त्याच्या 'आर' आणि 'डब्ल्यू' या दोन स्विचना (कमांडच्या मागे लावायच्या सूचनांना) २ आणि ५ असे आकडे दिले की तो दोनदा विचारून पुढे जातो. सोबत 'एक्सजे' हा स्विचही द्यावा. युजरच्या फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी ठेवलेल्या काही वाटा फिरून पुन्हा त्याच फोल्डरमध्ये येतात. हा स्विच नसेल तर रोबोकॉपी त्याच फोल्डरमध्ये पुन्हा पुन्हा उतरत राहतो.

मोठे प्रोग्रॅम उघड्या फाइलींसाठी विंडोजची शॅडो कॉपी सेवा वापरतात. तिचं नाव व्हीएसएस. बॅकअप सुरू होताना ही सेवा डेटा लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांना क्षणभर थांबायला सांगते, परीक्षेच्या हॉलमध्ये 'पेन खाली' म्हणतात तसं. सगळे थांबले की डिस्कचं त्या क्षणाचं चित्र पकडून ठेवते आणि मग बॅकअप त्या चित्रावरून निवांत घेतला जातो. एखाद्याने पेन खाली ठेवलंच नाही तर चित्र निघत नाही, आणि प्रोग्रॅम 'क्रिएटिंग शॅडो कॉपी' वर ताटकळतो. कंट्रोल पॅनलमध्ये अजूनही 'विंडोज ७' च्या नावाने बसलेलं जुनं बॅकअपचं साधन याच पायरीवर अडकल्याच्या तक्रारी जास्त असतात. यामागे सहसा दोन कारणं सापडतात. एक तर दोन बॅकअप प्रोग्रॅम एकाच वेळी चित्र मागत असतात. नवीन टाकला, जुना काढायचा राहिला आणि त्याचं वेळापत्रक चालूच आहे, हे फार घरांत दिसतं. दुसरं, सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असते आणि चित्र ठेवायलाच जागा नसते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून व्हीएसएसएडमिन लिस्ट रायटर्स ही कमांड इंग्रजी अक्षरांत (vssadmin list writers) दिली की या थांबायला सांगितलेल्यांची यादी येते. प्रत्येकासमोर 'स्टेबल' आणि 'नो एरर' हवं. एखादा 'फेल्ड' दिसला तर मशीन रिस्टार्ट करणं हा सोपा आणि बहुधा पुरणारा उपाय.

इथे रिस्टार्टच म्हटलंय, शटडाउन नव्हे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुन्हा चालू केल्यावर तीच परत येते, अडकलेल्या भानगडीसकट. रिस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

मग वीज. मोठ्या साडेतीन इंची एक्स्टर्नल डिस्कला स्वतःचा अडॅप्टर लागतो. दुपारी दोन मिनिटं वीज जाऊन आली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण डिस्क मधल्या मध्ये गायब होऊन परत येते. तुम्ही घरी नसाल तर कळतही नाही, आणि बॅकअप मात्र नाहीशा झालेल्या डिस्कच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. छोट्या पोर्टेबल डिस्कची अडचण वेगळी. ती यूएसबीमधूनच वीज घेते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. स्वस्त हब किंवा लांब एक्स्टेन्शन वायर मध्ये आली की डिस्कची उपासमार होते, ती मधूनच बंद पडून पुन्हा फिरायला लागते.

लिहायची जागाच चुकीची

पेन ड्राइव्ह किंवा जुनी डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. चांगला प्रोग्रॅम तसं सांगतो, बाकीचे तिथेच घुटमळतात. बॅकअप दर वेळी चार जीबीच्या आसपास थांबतोय असं दिसलं तर दुसरं काही शोधू नका. डिस्कवर आधीचं काही नसेल तर ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटने फॉरमॅट करा.

विंडोजमध्ये फाइलीच्या पूर्ण पत्त्याला जुन्या काळापासून २६० अक्षरांची मर्यादा आहे. २०१६ पासून ती उठवता येते, पण प्रोग्रॅमलाही ते जमायला लागतं. मूळ जागी फाइल मर्यादेत असते. बॅकअपमध्ये तिच्या पत्त्याच्या आधी डिस्कचं नाव, तारीख, कॉम्प्युटरचं नाव अशी फोल्डरं लागतात आणि ती बाहेर जाते.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांनी तर खास लक्ष द्यावं असा प्रकार पुढे आहे. घरच्या नेटवर्कवर ठेवायचे नॅस डबे बहुतेक लिनक्सवर चालतात आणि तिथे फाइलीच्या नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. म्हणजे नावात जेमतेम ८५ चिन्हं मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरात दडलेला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' एवढ्याच शब्दाची ११ चिन्हं आणि ३३ बाइट होतात. विंडोज २५५ अक्षरांपर्यंत चालवून घेतं, त्यामुळे मूळ जागी फाइल निवांत नांदते आणि नॅसवर जाताना अडते. अडकलेली फाइल नेहमी लांबलचक मराठी नावाची असेल तर नाव आखूड करून बघा. मराठीत नावं देणं सोडायची गरज नाही. आत्याच्या मुलीच्या साखरपुड्याची सगळी हकिकत मात्र नावात लिहू नये.

बंद करायची वेळ आली तर

आधी प्रोग्रॅमचंच 'कॅन्सल' दाबा आणि त्याला दहा मिनिटं द्या. हातातली फाइल पुरी करून, आपली नोंदवही नीट मिटून बाहेर पडायला त्याला वेळ लागतो. नाहीच झालं तर टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क'. तरीही प्रोसेस यादीतून हलत नसेल तर घाबरू नका, पण ते लक्षात ठेवा. ती विंडोजच्या आत खोलवर डिस्कच्या उत्तरासाठी थांबलेली आहे, आणि ते उत्तर किंवा निदान एरर आल्याशिवाय विंडोजलाही तिला संपवता येत नाही. अशी न मरणारी प्रोसेस म्हणजे डिस्क, केबल किंवा ड्रायव्हरकडे बोट. नेहमीचे उपाय संपले असतील तर एक्स्टर्नल डिस्कची केबल काढल्यावर ती बऱ्याचदा सुटते. मग रिस्टार्ट. पॉवरचं बटण दाबून धरणं अगदी शेवटी.

त्यानंतर एक्स्टर्नल डिस्कवर 'एरर चेकिंग' चालवा. अर्धवट राहिलेला बॅकअप प्रोग्रॅमच्या आतूनच काढून टाका, फोल्डर उघडून हाताने फाइली उडवू नका. फक्त बदललेलंच घेणाऱ्या इन्क्रिमेंटल पद्धतीत प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यांवर उभा असतो. मधला एक उडवलात तर पुढचे सगळे निरुपयोगी. आणि वैतागून एक्स्टर्नल डिस्क फॉरमॅट तर मुळीच करू नका. आतली डिस्क बरी आहे याची खात्री होईपर्यंत तिच्यावरचा जुना बॅकअप हीच कदाचित तुमच्याकडची एकमेव धड प्रत असेल.

आता बॅकअप पुन्हा लावा आणि थांबला तर कुठे थांबला ते लिहून ठेवा. टक्के नकोत, रिसोर्स मॉनिटरमधलं फाइलीचं नाव लिहा. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर संशय केबल, पोर्ट, वीज यांच्यावर. केबल बदला, हब काढा, पॉवरच्या सेटिंगमध्ये यूएसबीला झोपवणारा 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. दर वेळी त्याच फाइलीवर, त्याच फोल्डरमध्ये थांबत असेल, आणि ती फाइल कुणी उघडून ठेवलेली नसेल, तर गोष्ट गंभीर आहे.

त्याच जागी पुन्हा अडकला

हार्ड डिस्कचा एखादा सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटासा कप्पा, वाचता येईना की डिस्क लगेच हार मानत नाही. ती स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचत राहते. घरगुती डिस्क एका सेक्टरवर कित्येक सेकंद अशी झगडू शकते. विंडोज साधारण मिनिटभर उत्तराची वाट बघतं, मग ती विनंती सोडून पुन्हा पाठवतं. आणि प्रोग्रॅमही आपल्या परीने पुन्हा मागतो. असे शंभर सेक्टर एका फोल्डरखाली असतील तर काही तास नुसते यातच जातात. बाहेरून दिसतं काय, तर ४३ टक्के. रोजच्या वापरात हे कळत नाही, कारण २०१४ च्या सहलीचे फोटो कोण रोज उघडतंय? बॅकअप मात्र प्रत्येक फाइलीला हात लावतो, म्हणून डिस्कचं दुखणं पहिल्यांदा बॅकअपच्याच वेळी बाहेर येतं.

खात्री करायला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, 'विंडोज लॉग्ज' मधल्या 'सिस्टिम' मध्ये जा आणि 'डिस्क' या सोर्सच्या नोंदी बघा. ७ नंबरची नोंद म्हणजे बॅड ब्लॉक. १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करून बघावं लागलं. डिस्कच्या कंट्रोलरच्या नावाने १२९ असेल तर डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट केलं गेलं. बॅकअप अडकल्याच्या वेळेशी या नोंदींची वेळ जुळली की संशयाला जागा उरत नाही. नोंदीत डिस्कचा क्रमांक असतो, तो डिस्क मॅनेजमेंटशी ताडून बघा, म्हणजे दुखणं आतल्या डिस्कचं की बाहेरच्या ते कळेल.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्मार्ट नावाच्या तक्त्यात ठेवते. तो वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालतो. त्यात ५, १९७ आणि १९८ (म्हणजे हेक्स या सोळाच्या पायावरच्या मोजणीतले ०५, सी५ आणि सी६) या ओळी बघा. ५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे सध्या वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे, १९८ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले. बॅकअप अडकवणारी ओळ सहसा १९७ ची. इथे शून्याशिवाय काहीही असलं आणि आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर त्या डिस्कला निरोप द्यायची तयारी करा. १९९ (सी७) एकटीच वाढत असेल तर मात्र आनंदाची बातमी, कारण तो केबलचा दोष असतो. हा प्रोग्रॅम आकडेही मुळात हेक्समध्ये दाखवतो, त्यामुळे '१०' म्हणजे सोळा. सेटिंग बदलून दशमान करून घ्या.

आजारी डिस्कवर लोक हमखास जो उपाय करतात तो म्हणजे चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, आणि तोही 'आर' स्विच लावून, कारण त्याने बॅड सेक्टर शोधले जातात असं ऐकलेलं असतं. शोधले जातात हे खरं. पण त्यासाठी डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो, आणि दमलेल्या डिस्कला ही सक्तीची धाव पेलेलच असं नाही. शिवाय फाइलींची रचना दुरुस्त करताना चेकडिस्क तुटलेले तुकडे नाव नसलेल्या फाइलींमध्ये टाकून मोकळा होतो. आधी डेटा बाहेर काढा, दुरुस्तीचं नंतर बघू. तोच बॅकअप पुन्हा पुन्हा लावू नका, कारण प्रत्येक वेळी डिस्क त्याच जखमेवर जाऊन घासते.

त्याऐवजी हाताने कॉपी करा, छोट्या तुकड्यांत आणि मोलाच्या क्रमाने. पुन्हा मिळू शकणाऱ्या गोष्टी शेवटी: डाउनलोड केलेले चित्रपट, प्रोग्रॅमांचे इन्स्टॉलर, आणि हो, सातबाराचं स्कॅनसुद्धा, तो ऑनलाइन परत काढता येतो. पहिला मान घरच्या फोटोंना, आवाजांच्या रेकॉर्डिंगला, हिशेबाच्या डेटाला, अर्धवट लिहिलेल्या प्रबंधाला. एखादं फोल्डर अडलं की रद्द करा, नाव लिहून ठेवा, पुढचं घ्या. अडलेल्या जागेशी भांडण शेवटी, बाकी सगळं सुरक्षित झाल्यावर.

लिनक्स जमणारं कुणी ओळखीचं असेल तर ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन याच कामासाठी बनलेलं आहे. ते अख्ख्या डिस्कची प्रत काढतं, पण वाचायला सोपे भाग आधी घेतं, अवघड जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. कुठपर्यंत झालं याची नोंद एका फाइलीत ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येतं. बॅकअपच्या प्रोग्रॅमला हे शहाणपण सहसा नसतं. तो रांगेत पहिल्या अडथळ्यापाशी उभा राहतो.

एसएसडी असेल तर ही सगळी लक्षणं दिसतीलच असं नाही. तिला फिरणारे भाग नाहीत, कुरकुर नाही. काही एसएसडी शेवटी फक्त वाचण्यापुरत्या उरतात, काही एका सकाळी दिसतच नाहीत. तिथे एकदा जरी बॅकअप विनाकारण अडला आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद सापडली, तरी थांबू नका, लगेच कॉपी करा.

आणि हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा ठेक्यात आवाज येत असेल तर वरचं काहीच करू नका. मशीन बंद करा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो, तो तर विसराच. गार डिस्क बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर लगेच. अशी डिस्क उघडायचं काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं आहे. ते महाग असतं, म्हणून आत काय आहे आणि त्याची किंमत तुम्हाला किती, हे आधी ठरवा.

दुकानात मशीन द्यायचं ठरलं तर 'विंडोज स्लो आहे' असं सांगू नका. ते ऐकून दुकानदार सरळ फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, आणि तेही त्याच डिस्कवर. 'डिस्क बदला, जुनीला हात लावू नका, ती मला परत हवी' असं पावतीवर लिहून घ्या, आणि स्मार्टच्या तक्त्याचा फोटो दाखवा.